कासऱ्याची सरळ बाजू

सर, पोळा झाला. तुमच्याशिवायचा पहिला. बैलांना त्याचं काय, ते शिंगं रंगवून, पुरणपोळी खाऊन मोकळे झाले. मला मात्र उद्याची धास्ती पडली आहे. उद्या अकरावीची पोरं खांद्यावर बैलांचे जुने कासरे टाकून कॉलेजात येणार आणि विचारणार, "मॅडम, कासऱ्याचा तास कधी?" काय सांगू त्यांना? त्या तासाला दोन शिक्षक लागतात. त्यातला एक ऐन श्रावणात, धडा तोंडावर आलेला असताना, उठून चालता झाला. रजेचा अर्ज नाही, बदली माणूस नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा बेशिस्तपणा तुम्ही कधी केला नव्हता.

प्राचार्य म्हणाले, "बाई, वार्षिक अंकासाठी शेषराव सरांवर काहीतरी लिहा." मी म्हटलं, सरांवर नाही, सरांनाच लिहीन. जन्म कुठला, पदवी कुठली, पश्चात कोण कोण, हे ऑफिसातले लोक व्यवस्थित लिहितील. मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपली भांडणं अर्धी टाकून गेलात, त्याचं काय?

पहिलं भांडण आठवतं का? मी परभणीहून जिंतूरला नवीन आले होते, प्राणीशास्त्राची बाई म्हणून. तुम्ही वनस्पतीशास्त्राचे, आधीपासूनचे, पाय रोवून बसलेले. डीएनएची नक्कल कशी होते हा धडा कुणी शिकवायचा यावरून पहिल्याच आठवड्यात आपली जुंपली. तुम्ही म्हणालात, "पुस्तकात वनस्पतीच्या भागात छापलाय, म्हंजी माझा." मी म्हटलं, "का हो सर, बेडकाच्या पेशीत डीएनए नसतो?" तुम्ही शांतपणे पानाला चुना लावत म्हणालात, "हाय की. पण बेडकाचा बेडकापाशी. त्यानं कुठं तुमाला वकील केलंय?" अख्खी स्टाफरूम हसली. मी इतकी चिडले की दुसऱ्या दिवशी तुमच्या आधी वर्गात जाऊन धडा सुरू केला. तुम्ही आलात, भांडला नाहीत, मागच्या बाकावर पोरांमध्ये जाऊन बसलात आणि तास संपल्यावर म्हणालात, "बाई, तुमी लय चांगलं बोलायलात. पण पोरांच्या डोस्क्यात शिरंना. त्यांनी डीएनए कुठं बघितलाय? कासरा बघितलाय."

आणि पोळ्याला गावी, पालमकडं, जाऊन येताना पिशवीत जुना कासरा घेऊन आलात. काळा पडलेला, दुपदरी, बैलाच्या घामाचा वास मारणारा. स्टाफरूममध्ये माझ्या डब्याशेजारीच ठेवलात तो! तुमचे वडील, अण्णा, चिकट म्हणून पंचक्रोशीत नावाजलेले. पोळ्याला लोक बैलांना नवे कासरे वळतात, जुने फेकतात. अण्णांच्या जिवावर यायचं फेकणं. ते जुना कासरा उलगडायचे, त्याचे दोन पदर सुटे करायचे आणि प्रत्येक जुन्या पदराला अंबाडीच्या वाखाचा, म्हणजे धाग्यांचा, नवा पदर घालून वळायचे. एका कासऱ्याचे दोन कासरे. दोन्हींत एक पदर जुना, एक नवा.

"पेशी दुसरं काय करती, बाई?" तुम्ही म्हणालात. "डीएनएचे दोन पदर पिळलेले. ते उलगडतात. एकेका जुन्यासमोर एकेक नवा बनतो. दुभंगली पेशी की दोघींना एकेक दोर. जुना कुणी फेकत न्हाई. पेशी आमच्या अण्णांवर गेलीय."

झालं, त्या दिवसापासून धडा ना तुमचा राहिला ना माझा. दरसाल पोळा झाला की कॉलेजच्या पटांगणात कासऱ्याचा तास. पोरांनी घरून टाकाऊ कासरे आणायचे, अंबाडीचा वाख आणायचा. एका पोरानं एकदा नायलॉनची दोरी आणली तर तुम्ही असं काही तोंड फिरवलंत, जणू त्यानं मेलेला उंदीर आणलाय. "ह्याला पीळ बी न्हाई आन् वास बी न्हाई. ह्याच्यातून काय जन्माला येणार हाय?"

पहिल्या तासाची फजिती मात्र तुमचीच, ती मी कुणाला विसरू देणार नाही. पोरं गोळा झाली, लांब कासरा ताणला, आणि एका शेतकऱ्याच्या पोरानं मोठ्या ऐटीत त्याचं दुसरं टोक कडूलिंबाच्या झाडाला पक्कं बांधून टाकलं. मग तुम्ही एक पदर धरलात, मी दुसरा, आणि लागलो ओढायला. हातभर उलगडला आणि अडला. पुढचा पीळ आवळत गेला, कासऱ्याला गाठी पडल्या, तो डुकराच्या शेपटीगत वळला आणि तुम्ही आणखी जोर लावलात तेव्हा उसळून तुमच्या टोपीवर बसला. पोरं लोळायची बाकी होती. मी म्हटलं, "सर, आता पेशी कशी दुभंगणार? ती तर लिंबाला बांधलीय!" तुम्ही टोपी झटकलीत, टोक सोडवलंत आणि एका पोराच्या हातात दिलंत. "आमी उलगडू तसं तू तिकडून फिरवीत जा. पीळ सुटू दे." नंतर परभणीहून कुणाचं तरी मोठं इंग्रजी पुस्तक आणलंत आणि भर वर्गात दाखवलंत, की पेशीतसुद्धा पुढचा पीळ मोकळा करायला वेगळं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. "म्हंजी बगा बाई, फजिती माझ्या एकट्याचीच न्हाई झाली. पेशीलाबी ठाव हाय." तुमचं हे असं. पडलात तरी मिशीला माती लागू द्यायची नाही.

आता मुख्य भांडण. सरळ बाजूचं.

हे दोन पदर उलट्या दिशेनं चालतात, एकाचं डोकं तिथं दुसऱ्याचे पाय. आणि नवा पदर घालणारं विकर मोठं हट्टी, एकाच दिशेनं काम करतं. त्यामुळं एका बाजूला ते उलगडणाऱ्या टोकामागून सरळ चालत जातं, सलग पदर घालत. दुसऱ्या बाजूला मात्र पुढं पळायचं, मागं येत एक तुकडा घालायचा, पुन्हा पुढं पळायचं, पुन्हा मागं येत दुसरा, आणि शेवटी सगळे तुकडे सांधायचे. हे पोरांना दिसावं म्हणून एक बाजू तुम्ही घ्यायची, एक मी, असं ठरलं. आणि सरळ बाजू कुणी घेतली? शेषराव सरांनी. "मी जुना माणूस, बाई. माजे गुडघे बगा." गुडघे! संध्याकाळी तेच गुडघे एसटी पकडायला हरणासारखे धावायचे.

मी आपली साडी खोचून, सराट्याचे काटे चुकवत, त्या पटांगणात पुढं-मागं, पुढं-मागं. तुम्ही कीर्तनकारासारखे सावकाश चालत लिंबापाशी पोहोचायचात. कँटीनमधून दोन कप चहा आलेला असायचा. तुम्ही तुमचा बशीत ओतायचात आणि फुर्र करून, साऱ्या पटांगणाला ऐकू जाईल असा ओढायचात. मी अर्ध्या वाटेतून ओरडायचे, "सर, पुढच्या वर्षी सरळ बाजू माझी!" तुम्ही म्हणायचात, "पुढल्या पोळ्याला." मी म्हणायचे, "नक्की?" की लगेच बशी तोंडाला. फुर्र. तोंडात चहा असलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, हा तुमचा कायदा. मी परभणीच्या कारकुनाची मुलगी, कपानं चहा पिणारी. मला त्या आवाजाचाच राग यायचा, आणि अर्थात टाळाटाळीचा. सगळ्या तालुक्याला हे भांडण माहीत झालं होतं. मागच्या वर्षी मात्र पोरांनीच तुम्हाला घेरलं, तेव्हा तुम्ही बशी खाली ठेवून, चक्क सगळ्यांसमोर कबूल केलंत. "बरं बाबा. पुढल्या पोळ्याला सरळ बाजू बाईंची. तुकडे मी जोडतो." आणि पोळा यायच्या आत गेलात. शब्द पाळायला नको म्हणून माणूस या थराला जातो का हो सर?

हसतेय मी हे लिहिताना. तेराव्याला तुमच्या घरी बसले होते तेव्हाही हसले, आणि त्याला कारण वहिनी. सांगते.

ते रंगाचं वर्ष. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून जिल्हा पेटून गेला होता, वस्त्या जळाल्या होत्या, आणि काही वर्षं उलटली तरी वर्गातली धग गेली नव्हती. पोरं दोन बाजूंना बसायची, मधली बाकं रिकामी. आपल्या स्टाफरूममध्येही डबे दोन टेबलांवर उघडायचे. मी तेव्हा तुम्हाला म्हटलं होतं, "नुसतं नाव बदलून काय होणार आहे, सर?" तुम्ही म्हणालात, "कायच होणार न्हाई ना? मंग अडवता कामून?" आणि विधिमंडळात ठराव होऊन दहा-बारा वर्षं झाली तरी नाव अजून बदललेलं नाही, तेही पुढल्या पोळ्याला, पुढल्या पोळ्याला, असंच चाललंय.

त्या वर्षी तुम्ही तासाला चिंध्या आणल्यात. डीएनएच्या पदरावर चार प्रकारचे मणी असतात म्हणा, आणि त्यांच्या जोड्या ठरलेल्या. पहिल्यासमोर दुसराच, तिसऱ्यासमोर चौथाच. म्हणून तर जुना पदर बघून नवा बिनचूक घालता येतो. ते कळावं म्हणून कासऱ्यावर चार रंगांच्या चिंध्या बांधायच्या. लाल आणि पांढरी ही एक जोडी. आणि दुसरी जोडी, निळी आणि भगवी.

तेव्हाचे प्राचार्य चष्मा सावरत धावत आले. "अहो सर, दुसरे रंग नाहीत का?" तुम्ही अगदी बापुड्या चेहऱ्यानं म्हणालात, "काय करू साहेब, घरात ज्या चिंध्या होत्या त्या बायकोनं दिल्या. मला मेल्याला रंगातलं काय कळतंय? आन् पोरांनी आता जोड्या पाठ केल्यात, बदलल्या तर परीक्षेत घोळ व्हायचा." मग तुम्ही चिंध्या न बघता वाटल्यात. ज्याच्या हाती जी आली, त्यानं आपली जोडी शोधायची. निळी चिंधी आली पाटलाच्या दत्ताकडं, आणि भगवी आली वस्तीवरच्या मिलिंदकडं. दोघं गेली दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एकमेकांकडं न बघता चिंध्या बांधायला लागले. शेवटी दत्ता म्हणाला, "धर ना बे नीट, गाठ सुटायलीय." मिलिंद म्हणाला, "तूच ढिली बांधायलास." भांडणच ते. पण बोलले. तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत, टोपी नीट करत राहिलात.

त्यानंतर ते रंग कायमचे झाले. मला अनेकदा वाटलं, विचारावं तुम्हाला, सर, ते खरंच आपोआप झालं होतं का? कधी विचारलं नाही. आणि परवा तेराव्याला मी वहिनींजवळ त्या चिंध्यांचा विषय काढला तर त्या डोळे पुसतापुसता म्हणाल्या, "कुठल्या चिंध्या वो बाई? माज्याकडं निळं लुगडं कवा होतं? बाजारातून कोरं कापड आणलं आन् इथं वसरीत बसून टराटरा फाडलं. मी म्हनलं, चांगलं कापड कामून फाडायलाव? तर म्हनले, शास्त्राला लागतंय." सर, तिथं तेराव्याच्या पंगतीत मला असं हसू फुटलं की लोक बघायला लागले. वहिनीही हसल्या. लबाड माणूस! आणि म्हणे रंगातलं काय कळतंय.

एक भांडण अजून आहे, चुकांचं. तुम्ही एका पोराला तपासनीस नेमायचात. चुकीची जोडी दिसली की सोडवून नीट बांधायची. पेशीतही अशी तपासणी असते. मी म्हणायचे, एकही चूक राहता कामा नये. तुम्ही म्हणायचात, "एखांदी राहू द्या की, बाई. हजारो पिढ्यांत एखांदी चूक निसटली म्हणून तर डबक्यातल्या जिवाचं माणूस झालं. सगळं बिनचूक झालं असतं तर तुमी-आमी अजून शेवाळ असतो, आन् तुमाला चहाबी मिळाला नसता." मी म्हणायचे, चूक निसटते म्हणून कॅन्सरही होतो, सर. तुम्ही पानाला चुना लावायचात. मग हळूच, "तेबी खरं हाय." यात कोण जिंकलं हे कधी ठरलं नाही.

आणि पुढं बारावीच्या बोर्डाच्या पेपरातलं ते उत्तर! पेपर तपासणाऱ्या आपल्याच मित्रानं येऊन सांगितलं. कुणीतरी लिहिलं होतं, "नव्या रेणूतील एक पदर जुना असून तो काळा पडलेला असतो व त्यास बैलाच्या घामाचा वास येतो." मी डोक्याला हात लावला. तुम्ही मित्राचा हात धरून विचारलंत, "मार्क दिले का न्हाई? अर्धं तर बरोबरच हाय!"

असो. उद्याचं सांगते. मी ठरवलंय, फळ्यावर आकृती काढायची, रंगीत खडूनं. एकटीला पटांगणात जायचं धैर्य नाही, सर. तुमच्याविना ते होणार नाही. खरं म्हणजे, झालं तर जास्त वाईट वाटेल अशी भीती वाटते.

इथवर काल लिहिलं होतं. आज सांगायचं म्हणजे, तास झाला.

मी फळ्यावर खरंच आकृती काढत होते. मागं वळले, तर वर्गात अंबाडीचा वास. बघते तर सगळ्यांच्या खांद्यावर कासरे, आणि एकही जण वही उघडेना. पुढच्या बाकावर देवगाव फाट्याहून येणारी सुमन, तिचा थोरला भाऊ मागच्या वर्षी तुमच्या हाताखाली शिकलेला. ती उभी राहिली. "मॅडम, आकृती पुस्तकात हाय की. चला ना भायेर."

"दोघं लागतात, बाळा. सर नाहीत."

"तुकड्याची बाजू मी घेते. सरळ बाजू तुमची. सरांनी कबूल केलतं म्हणं, माज्या भावासमोर."

बाहेर गेलो. कासऱ्याचं टोक लिंबाला न बांधता एका पोराच्या हातात दिलं. चिंध्या बांधल्या, त्याच तुमच्या. आणि सर, मी सरळ बाजू घेतली. जुना पदर उलगडत गेला, मी मागून नवा घालत गेले, पाऊल पुढं, चिंधीसमोर चिंधी, थांबायचं नाही, वळायचं नाही. किती सोपी होती हो ही बाजू! इतकी वर्षं तिथं पोहोचून तुम्ही कपाळाचा घाम पुसायचात, तो नेमका कशाचा होता?

बघता बघता लिंबापाशी पोहोचले. करायला काही उरलं नाही. कँटीनमधून सवयीनं दोन कप आले होते. आणि तिथून मला पटांगण पहिल्यांदाच या बाजूनं दिसलं. सुमन परकर सावरत पुढं धावते, वाकून मागं येते, गाठ मारते, पुन्हा धावते. घामाघूम. मध्येच थांबून माझ्याकडं बघते, मी आहे ना म्हणून. मीही अशीच बघत असेन तुमच्याकडं. एकदम रडू आलं मला, सर. पोरांसमोर, उघडउघड. आतापर्यंत आलं नव्हतं, ना निरोप आला तेव्हा, ना तेराव्याला. तुम्ही नेहमीसारखे सरळ चालत आधी जाऊन पोहोचलात आणि मी अजून पुढं-मागं करतेय, एवढंच डोक्यात येत राहिलं.

डोळे पुसले आणि दुसऱ्या कपावर बशी झाकली. माझा चहा गार होऊ नये म्हणून तुम्ही झाकायचात, तशी. इतकी वर्षं तो गरम कसा राहतो, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

सुमनची एक जोडी चुकली होती, निळीसमोर लाल. तपासनीस पोराच्या नजरेतून निसटली, मला इथून स्पष्ट दिसली. तोंड उघडलं होतं मी. मग म्हटलं, असू दे एखांदी.

शेवटचा तुकडा सांधून ती आली. दोन्ही कासरे ताणून धरले. दोन्हींत एक काळा पदर, एक पांढरा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सुमननं धपापत कपावरची बशी काढली, एक घोट घेतला आणि माझ्याकडं रोखून बघत म्हणाली, "मॅडम, पुढल्या साली सरळ बाजू माजी हां."

"पुढल्या पोळ्याला," मी म्हटलं.

"नक्की?"

मी माझा चहा बशीत ओतला आणि फुर्र करून, साऱ्या पटांगणाला ऐकू जाईल असा ओढला.